लिओटाच्या गॅरेजवरची वाकडी रिंग

आमच्या हॅरोज मिल गावात कुणी हॉस्पिटलात पडलं की लोक आधी तब्येतीची चौकशी करतात आणि मग, आवाज जरा खाली आणून, खुर्चीची. खुर्ची म्हणजे थर्लो कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलमधली कायमची जागा. ती वारसाने येते, हुंड्यात येते, घटस्फोटात तिच्यावरून भांडणं होतात. माझी खुर्ची मला लिओटा हॉफलिंगमुळे मिळाली. आधी ती तिच्या नवऱ्याची, विल्मरची. त्याला मूठमाती देऊन दोन दिवस झाले नसतील, तर ही बाई माझ्या हार्डवेअरच्या दुकानात आली आणि काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "मर्व्ह, मॅच चालू असताना तू बडबड करतोस का?"

मी म्हटलं, नाही.

"मग शनिवारी ये. विल्मरच्या जागेवर बस. रडायला लागलास तर उठवीन."

तिचा हा स्वभाव. सगळं आयुष्य तिने इथल्या खुर्च्यांच्या कारखान्यात गाद्या ठोकण्यात काढलं होतं आणि बोलायचीही तशीच, तोंडात खिळे धरून एकेक ठोकल्यासारखी. उंची एवढीशी. पुढचे लोक उभे राहिले की तिला काही दिसायचं नाही, म्हणून ती सरळ खुर्चीवर चढायची, जांभळा स्वेटर घालून, आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की पंच दचकून आपलीच शिट्टी तपासायचे. थर्लोचा रंग जांभळा. आमच्या संघाला बगळे म्हणतात. ते नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण आमची पोरं खरोखरच बगळ्यासारखी एका पायावर उभी राहून दुसऱ्याला बास्केट टाकताना बघत असत. देशाच्या मोठ्या स्पर्धेत आम्ही एकदाच गेलो होतो. त्या वर्षी जन्मलेल्या पोरांना आता टक्कल पडायला लागलंय.

आणि अशात आमच्याच गल्लीत क्विंटन बर्डसाँग वाढत होता.

डेनिटा बर्डसाँग हॉस्पिटलात नर्स. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती पोराला घेऊन लिओटाच्या शेजारच्या घरात राहायला आली, तेव्हा क्विंटन पहिलीत असेल. डेनिटाच्या पाळ्या वेड्यावाकड्या. शाळा सुटल्यावर पोर एकटं. लिओटाच्या गॅरेजवर बास्केटबॉलची एक रिंग होती. घर घेतलं त्या वर्षी विल्मरने ती लावली होती, होणाऱ्या मुलांसाठी. मुलं झाली नाहीत. रिंग तशीच राहिली, तिच्यावर चिमण्या बसायच्या. विल्मर स्वभावाने देवमाणूस, पण हाताने कच्चा. त्याने ती रिंग डावीकडे कललेली लावली होती आणि लिओटाने कितीदा सांगूनही कधी सरळ केली नाही.

एके दिवशी क्विंटनने कुंपणावरून विचारलं, इथे खेळू का? लिओटा म्हणाली, "माझी खिडकी फोडलीस तर काच तुझ्या हाताने बसवायची." पहिल्याच आठवड्यात त्याने ती फोडली. मी काच कापून दिली, त्याने बसवली आणि त्या दिवसापासून तो तिच्या घरचाच झाला. रोज संध्याकाळी गॅरेजसमोरच्या फरशीवर चेंडूचा धप धप आवाज आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिचं चालू: "कोपर आत घे! गुडघे वाकव, लाकूड आहेस का?" शरद आला की दोघं मागच्या रानात जाऊन पर्सिमनची फळं गोळा करायची. झाडावरचं फळ खाल्लं तर तोंड तुरट होऊन आवळून जातं. आपोआप जमिनीवर पडलेलंच खायचं. लिओटा त्याचा गर काढून पुडिंग भाजायची, काळपट, चिकट, दालचिनीच्या वासाचं. क्विंटन तव्याएवढा तुकडा उभ्या उभ्या संपवायचा. विल्मर गेल्यानंतर त्या घरात पुन्हा बोलणं ऐकू यायला लागलं ते या पोरामुळे. हे तिने कधी कबूल केलं नाही, पण मी समोरच राहतो, मला काय दिसत नाही?

पोर वाढलं. इतकं वाढलं की माझ्या दुकानाच्या दारात त्याला वाकावं लागे. दहावीत गेला आणि त्याला आपल्या संघात ओढायला कॉलेजांची माणसं गावात दिसायला लागली. गावाचं डोकं फिरलं. सकाळी हॉटेलात कॉफीच्या टेबलावर दुसरा विषय नाही. क्विंटन रविवारी चर्चमध्ये जांभळे मोजे घालून आला तर न्हाव्याने आठवडाभर फुकट केस कापायचेच काय ते बाकी ठेवले होते. मग कळलं, ते मोजे त्याच्या मामेभावाचे जुने होते, तेव्हा हॉटेलात सुतक. त्याने परगावी जाताना कुठल्या बाजूचा रस्ता धरला, कुणाच्या टोपीकडे बघून हसला, सगळ्याचा अर्थ लावला जायचा. एक मात्र सगळ्यांना कळत होतं: हा आला तर बगळे उडतील. आणि न कळणाऱ्यांना लिओटा सांगायची, "आपल्या फरशीवर वाढलाय तो."

त्याच वर्षी पाठीराख्यांच्या वार्षिक जेवणात घोटाळा झाला. हे जेवण म्हणजे कॉलेजच्या तळघरात मोठमोठ्या पातेल्यांतून बीन्स आणि खिमा, आणि वर भाषणं. कॉलेजात नियम सांभाळणारा एक नवा माणूस आला होता, चष्मेवाला, घाबरट. तो उभा राहून म्हणाला, तुम्ही कॉलेजला देणग्या देता, तेव्हा नियमाच्या दृष्टीने तुम्ही कॉलेजचीच माणसं. ज्या पोराला आपण घेऊ पाहतोय त्याच्याशी तुम्ही बोलायचं नाही. त्याच्या घरच्यांशी नाही, दुसऱ्याकरवी निरोप नाही. काही द्यायचं नाही. नाहीतर पोराचं खेळणं बंद आणि कॉलेजला शिक्षा. "अ‍ॅपल पायचा एक तुकडासुद्धा नाही," तो म्हणाला.

लिओटाच्या हातातला चमचा खाली पडला. त्याच दुपारी क्विंटनने तिच्या ओट्याशी उभं राहून पुडिंगचे दोन तुकडे खाल्ले होते.

तिने माझी बाही ओढली. "मर्व्ह, गाडी काढ." त्या माणसाचं भाषण अजून चालू होतं, माझ्या ताटात बीन्स होते, पण तिचा चेहरा बघून मी उठलो.  घर आलं तेव्हा म्हणाली, "तुझी शिडी आण. आणि पाना."

मी विचारलं, कशाला?

"ती रिंग माझी आहे. तो तिच्यावर खेळतो. म्हणजे मी त्याला देतेच आहे की नाही?"

मी तिला समजावलं की हा वेडेपणा आहे. ती म्हणाली, वेडेपणा तर वेडेपणा, पण माझ्यामुळे त्या पोराचं खेळणं बंद झालं तर मी विल्मरला वर जाऊन काय तोंड दाखवू? मी रिंग काढली. गंजलेले बोल्ट निघता निघेनात. ती खाली टॉर्च धरून उभी होती आणि नाक ओढत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मॅचच्या वेळी रडलं तर उठवायचा नियम होता, शिडीखाली रडण्याबद्दल काही ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्विंटन चेंडू घेऊन आला. रिंगच्या जागी नुसत्या चार भोकांकडे बघत उभा राहिला. दार वाजवलं. लिओटा आत कोठीच्या खोलीत पिठाच्या डब्यामागे लपून बसली होती, बहात्तर वर्षांची बाई. त्याने तीनदा हाक मारली, "मिस लिओटा?" मग गेला. त्यानंतर तो शाळेच्या मैदानावर खेळायला लागला आणि आमच्या गल्लीतला धप धप आवाज बंद झाला.

दोन हिवाळे हे असंच चाललं. तो समोरून आला की ही रस्ता ओलांडायची. दुकानात दिसला की ही रंगाच्या डब्यांमागे. मला तिने शपथ घातली होती, कारण दुसऱ्याकरवी निरोपही चालत नाही. मी तिला म्हणायचो, अगं बाई, निदान त्याच्या आईला कारण तरी सांग. ती म्हणायची, घरच्यांशीही नाही म्हणाला तो माणूस. मला तिचा संताप यायचा. पण खरं सांगतो, क्विंटन जांभळ्या कपड्यांत मलाही हवा होता, त्यामुळे मीही फार ताणून धरलं नाही.

शाळेच्या मॅचेसना मात्र ती जायची, सगळ्यात मागे, खांबाआड. शिट्टी नाही, काही नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. क्विंटनचा नेम आता असा बसला होता की विचारू नका, फक्त त्याचा प्रत्येक चेंडू रिंगच्या डाव्या कडेला जरासा चाटून आत पडायचा. परगावच्या प्रशिक्षकांना त्याचं कोडं पडायचं. आम्हा दोघांना नव्हतं.

आणि दर शरदात तिच्या पायरीवर कागदी पिशवी ठेवलेली असायची, आत पर्सिमन. वर नाव नाही, काही नाही. पहिल्यांदा ती पिशवी घेऊन माझ्याकडे आली आणि विचारायला लागली की त्याने आपल्याला दिलेलंही नियमाविरुद्ध आहे का. मी म्हटलं, लिओटा, घरी जा आणि पुडिंग कर. तिने केलं. खाल्लं कुणी नाही. मला एक तुकडा दिला, तोही मोजूनमापून, आणि बाकीचं फ्रीजरमध्ये.

शेवटच्या वर्षी नोव्हेंबर आला. एका बुधवारी शाळेच्या हॉलमध्ये क्विंटन कॉलेज जाहीर करणार होता, म्हणजे समोर मांडलेल्या टोप्यांतून एका कॉलेजची टोपी डोक्यावर घालणार होता. तीन कॉलेजं उरली होती, पण तिसऱ्याला कुणी विचारत नव्हतं. एक आम्ही, दुसरं डोंगरांपलीकडचं मोठं विद्यापीठ, हिरव्या रंगाचं, ज्यांच्या हॉलमध्ये आमचं अख्खं गाव तीनदा मावेल.

आदल्या आठवड्यात डेनिटा माझ्या दुकानात बल्ब घ्यायला आली. पैसे देऊन झाले तरी गेली नाही. मग म्हणाली, "तुम्ही तिचे मित्र आहात म्हणून सांगते. छोटा होता तोवर माझा पोरगा तिला गोड वाटला. आता तो उंच झाला, पुरुष झाला, काळा पुरुष. आता ती रस्ता ओलांडते. अशा बायका मी आयुष्यभर पाहिल्यात. तिच्याबद्दल मला तसं वाटलं नव्हतं, एवढंच."

डेनिटा गेली तशी दुकान बंद करून मी तडक लिओटाकडे गेलो आणि शपथ गेली खड्ड्यात म्हणून सगळं सांगितलं. ती ओट्याला धरून उभी राहिली. तिचा रंग पिठासारखा झाला. "तिला असं वाटलं?" ती म्हणाली. "मर्व्ह, तिला असं वाटलं?" तिने अ‍ॅप्रन काढून फेकला आणि तशीच निघाली. अंगण ओलांडलं, कुंपणाच्या फाटकाला हात लावला, आणि तेवढ्यात बर्डसाँगांच्या दारात गाडी थांबली. थर्लोचा प्रशिक्षक उतरला, शेवटच्या भेटीसाठी, जांभळा टाय लावून. लिओटा तिथेच खिळली. त्याच्या देखत आपण पोराच्या दारात गेलो तर सगळंच संपलं, असं तिच्या मनाने घेतलं. ती परत आली आणि मला म्हणाली, "बुधवारी. बुधवारी त्याने टोपी घातली की तो कुणाचाच उमेदवार राहत नाही. मग मी बोलू शकते. आपली घालू दे रे त्याने. चार वर्षं इथेच राहील, समोर दिसेल, मी सगळं भरून काढीन."

ही तिची आशा. गावाला ती देशाची मोठी स्पर्धा हवी होती. तिला ते पोर परत हवं होतं, आणि तेही जांभळ्या कपड्यांत.

बुधवारी हॉल खच्चून भरला. टेबलावर तीन टोप्या. टेबलामागे क्विंटन, शेजारी डेनिटा, आज तिने इस्त्रीचा सूट घातला होता. लिओटा माझ्या शेजारी बसली होती. तिच्या मांडीवर फॉइलने झाकलेलं पुडिंगचं भांडं, त्याला जांभळी फीत. क्विंटन उभा राहिला. शिक्षकांचे, आईचे आभार मानले. मग थांबला, आणि म्हणाला की ज्यांच्या गॅरेजसमोर मी खेळायला शिकलो त्यांचेही आभार. नाव घेतलं नाही. लिओटाने भांडं इतकं घट्ट धरलं की फॉइल फाटलं.

त्याचा हात आधी आमच्या टोपीवरून गेला. हॉलने श्वास रोखला. हात पुढे गेला आणि त्याने हिरवी टोपी उचलून डोक्यावर ठेवली.

काही टाळ्या वाजल्या, बऱ्या माणसांच्या. बाकी हॉलमध्ये खुर्च्या सरकल्याचे आवाज. न्हावी उठून चालता झाला. कुणी मागून म्हणालं की एवढं केलं गावाने याच्यासाठी. लिओटा बसूनच होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी म्हटलं, चल, घरी जाऊ.  तिने भांड्याची जांभळी फीत ओढून काढली, माझ्या खिशात कोंबली आणि उठून सरळ व्यासपीठाकडे निघाली. लोक बाजूला झाले. त्यांना वाटलं असेल, म्हातारी आता त्याला काहीतरी सुनावणार.

तिने ते भांडं टोप्यांच्या मधोमध ठेवलं, मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता तू आमच्या काही कामाचा नाहीस. खा."

 मग तिने सगळं सांगितलं. जेवण, चष्मेवाला माणूस, अ‍ॅपल पायचा तुकडा, रिंग, पिठाचा डबा. भराभर, खिळे ठोकल्यासारखं. मधेच डेनिटाकडे वळून म्हणाली, "तुला जे वाटलं ते वाटायला मीच लावलं. चूक माझी. मला माफ कर." डेनिटाने तोंडावर हात ठेवला.

"पण मिस लिओटा," क्विंटन हळूच म्हणाला, "शेजाऱ्यांना चालतं. लहानपणापासून जे ओळखतात त्यांना तो नियम नाही. आईला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून तर मला वाटलं, तुम्ही खरंच माझ्यावर रागावलात."

थर्लोचा चष्मेवाला माणूस मागेच उभा होता. तो चाचरत म्हणाला की जेवणाच्या दिवशी त्याने हेही सांगितलं होतं, अगदी शेवटी. तेव्हा आम्ही गाडीत होतो.

लिओटा टेबलाला धरून उभी राहिली. दोन वर्षं. तिला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग तिने विचारलं, "मी बोलत असते तर राहिला असतास इथे?"

खोटं बोलून तिला बरं वाटायला लावणं सोपं होतं. पण त्याला तिनेच वाढवलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "मला बघायचंय मी किती चांगला आहे ते. पण तुम्हाला सगळ्यांच्या आधी येऊन सांगितलं असतं."

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "उभा काय आहेस, खा ना. थंड झालंय." तो हिरवी टोपी घालूनच हाताने पुडिंग खायला लागला. डेनिटाने पर्समधून प्लास्टिकचा चमचा काढला आणि तीही खायला लागली. लिओटा माझ्याकडे वळली. "मर्व्ह, बघत काय बसलास? शिडी आण."

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही रिंग लावायला घेतली. मी शिडीवर, क्विंटन खाली उलट्या बादलीवर उभा राहून रिंग धरून. दोन वर्षं माझ्या गोदामात पडलेली ती रिंग मी पाणसळ लावून अगदी सरळ रेषेत धरली. आयुष्यभर हार्डवेअर विकलंय, वाकडं काम माझ्या हातून होत नाही.

"सरळ नको," क्विंटन म्हणाला.

"डावीकडे," लिओटा खालून ओरडली. "आणखी. आणखी. विल्मरची होती तेवढी."

मी वाकडी लावली. त्याने बादली लाथेने बाजूला सारली आणि गल्लीत पुन्हा धप धप सुरू झालं. लिओटा आत गेली, खिडकी उघडली. थंडी मरणाची होती. "कोपर आत," तिचा आवाज आला.

आता कॉलेजची खेळाडू पोरं पैसे घेऊन जाहिरातींत दिसतात, नियम सगळे बदलले, आणि बगळे अजूनही एका पायावरच उभे आहेत. पण त्या पुढच्या हिवाळ्यात लिओटाच्या घरी टीव्हीसमोर आम्ही तिघं बसायचो, मी, डेनिटा आणि जांभळा स्वेटर घातलेली ती. एकदा हिरव्या कपड्यातला क्विंटन फ्री थ्रोसाठी रेषेवर आला. चेंडू गेला, डाव्या कडेला चाटला, आत पडला. टीव्हीवरचा माणूस म्हणाला की पोराच्या हातात ही एवढी एक खोड आहे, कुणीतरी ती काढायला हवी.

लिओटाने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की डेनिटाच्या हातातली कॉफी सांडली. मग ती टीव्हीवरच्या त्या माणसाला म्हणाली, "हात लावशील तर खबरदार. ती माझ्या विल्मरची आहे."